दाब, दोन, तीन

बेळगावच्या सीबीटीवरून, म्हणजे मुख्य बसस्टँडवरून, सकाळची खानापूर गाडी पकडायची म्हटलं की माझ्याजवळ तीन पिशव्या असतात. एकीत डबा, छत्री आणि बीपीची गोळी. दुसरीत जुन्या सुती लुगड्यांचे धुतलेले तुकडे. तिसरीत बाळू. बाळू म्हणजे सरावाची रबरी बाहुली. पोटात दोनेक लिटर पाणी भरलं की खऱ्या तान्ह्यासारखा जड होतो आणि मान टाकतो. एक फुगा दाबला की त्याची नाळ उडते, दुसरा दाबला की छाती हलते. प्रवासात त्याला रिकामाच नेते, पण टोपी घालून. एकदा त्याचं बोडकं डोकं पिशवीतून वर आलं आणि शेजारची बाई किंचाळली होती.

कंडक्टर आता ओळखीचा झालाय. २०२३ च्या जूनमध्ये कर्नाटकात बायकांना फुकट प्रवासाची शक्ती योजना सुरू झाली तेव्हापासून मला शून्य रुपयांचं तिकीट देतो आणि दर वेळी तेच विचारतो, "गंडो, हेण्णो, अक्का?" मुलगा की मुलगी. मुलगी असेल तर तिलाही शक्तीत बसवतो म्हणतो. मी म्हणते, अजून रडलं नाही रे बाबा, रडलं की सांगते. तो हसतो. माझी छत्तीस वर्षांची नोकरी याच वाक्याभोवती गेली हे त्याला कुठे ठाऊक.

मी स्टाफ नर्स. १९८६ ला लागले, २०२२ ला निवृत्त झाले, मधली बहुतेक वर्षं लेबर रूममध्ये. माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर बेळगावजवळ. शाळा मराठीत, नर्सिंग इंग्रजीत, नोकरी कन्नडमध्ये आणि शिव्या तिन्ही भाषांत. आता एका संस्थेच्या वतीने महिन्यात चार-पाच ठिकाणी जाते, दोन तालुक्याचे दवाखाने आणि बाकी पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं. कागदावर मी 'मेंटर', सिस्टर लोकांसाठी अक्का. प्रवासखर्च वेळेवर मिळतो. मानधन गौरी-गणपतीसारखं, वाट बघायची आणि आलं की गोड मानायचं.

काम काय, तर बाळ बाहेर आल्यानंतरचं पहिलं मिनिट सांभाळायला शिकवणं. शंभर बाळं जन्मली तर नव्वद आपली आपण रडतात, आपण फक्त मध्ये लुडबुड करायची नाही. दहाएक रडत नाहीत. त्यातली बरीचशी कोरड्या कापडाने नीट पुसली, पाठ चोळली, तोंडात-नाकात काही अडकलं असेल तर आधी तोंड, मग नाक साफ केलं, की कुरकुर करून श्वास घेतात. तरीही तीन-चार उरतात. त्यांच्या तोंडा-नाकावर मास्क धरून पिशवीने हवा द्यावी लागते, आणि ती मिनिटाच्या आत सुरू व्हावी लागते. छाती दाबणं, औषधं, हे शंभरात एकालाही क्वचितच. म्हणजे सामान किती? दोन कोरडी कापडं, एक टोपी, एक हवेची पिशवी, दोन मापांचे मास्क आणि न घाबरणारे हात. यातली शेवटची वस्तू इंडेंट (मागणीपत्र) टाकून मिळत नाही.

मला स्वतःला हे शिकायला फार उशीर झाला.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्ही काय करायचो ते आजच्या मुलींना सांगितलं की त्या तोंडावर हात ठेवतात. बाळ निळं आलं, गप्प आलं, की पाय धरून उलटं टांगायचं. ढुंगणावर, तळव्यांवर चापट्या मारायच्या. एक सिनिअर बाई गार पाण्याचे हबके मारायच्या. गावाकडून सुईणीसोबत आलेली म्हातारी असली तर ती कांदा फोडून नाकाशी धरायची, किंवा नाळ न कापता वार शेकायला सांगायची, म्हणजे वारेतून जीव परत बाळात येतो. आम्ही शिकलेल्या म्हणून म्हातारीला हसायचो आणि उलट्या टांगलेल्या बाळाला आणखी एक चापट मारायचो. पाच मिनिटं, सात मिनिटं. मग त्याला कापडात गुंडाळून बाजूच्या ट्रेमध्ये ठेवायचं, बाईकडे वळायचं, कारण तिचं रक्त जात असायचं. रजिस्टरात लिहायचं 'एसबी', स्टिल बर्थ. मेलेलंच जन्मलं.

पोटात दोन-चार दिवस आधीच गेलेलं बाळ ओळखू येतं, त्याची कातडी सुटलेली असते. त्याला मॅसरेटेड म्हणतात. पण कातडी ताजी, अंग गरम, नुसता श्वास नाही, त्याला 'फ्रेश' स्टिल बर्थ म्हणायचं. नाळेवर दोन बोटं ठेवून ठोके लागतात का हे बघायचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी बघितलं नाही.

पुढे आमच्याच जिल्ह्यात एक काम झालं. 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' नावाचं प्रशिक्षण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली आणलं. केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी बेळगाव जिल्ह्यात बाळंतपणं करणाऱ्या ५९९ जणांना ते दिलं. मी त्यात नव्हते, माझ्या बॅचच्या दोघी होत्या. आधीची आणि नंतरची मिळून साडेनऊ हजारांवर बाळंतपणं त्यांनी मोजली आणि २०१३ मध्ये आकडे छापून आले. मेलेली जन्मलेली बाळं शेकडा ३.० वरून २.३ वर आली. त्यातली 'फ्रेश' शेकडा १.७ वरून ०.९ वर, म्हणजे जवळजवळ निम्मी.

बॅचवालीने मला तो कागद दाखवला तेव्हा मी तिच्या घरी चहा पीत होते. आकडे वाचायला अर्धं मिनिट लागलं असेल, समजायला बराच वेळ. प्रशिक्षणाने मेलेली बाळं जिवंत होत नाहीत. मग ती निम्मी कुठे गेली? ती मुळात मेलेली नव्हतीच. ती श्वास घेत नव्हती, एवढंच. कुणीतरी पिशवी दाबली आणि ती रजिस्टराच्या दुसऱ्या रकान्यात गेली. मग माझ्या हातच्या जुन्या रजिस्टरांत 'एसबी' म्हणून किती गेली असतील, हे मी मोजू शकत नाही. ती रजिस्टरं आता कुठल्या माळ्यावर वाळवीने खाल्ली असतील देव जाणे. चहा निवला तो तसाच ठेवून मी उठले, एवढं आठवतं.

याच कागदाची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी फक्त आपलंच तुणतुणं वाजवते असं वाटेल. २८ दिवसांपर्यंतच्या बाळांच्या मृत्यूंचा आकडा त्या कामात खाली आला नाही. पहिलं मिनिट पार पडलं तरी पुढे थंडी आहे, जंतुसंसर्ग आहे, दीड किलोचं वजन आहे. उत्तर प्रदेशात डॉ. अतुल गावंडे यांच्या गटाने १२० केंद्रांत चेकलिस्ट आणि कोच देऊन मोठा प्रयोग केला, त्याचे निकाल २०१७ ला आले. सिस्टरांचं काम सुधारलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून कुणी मला 'तुमच्या ट्रेनिंगने किती बाळं वाचली' असं उत्साहाने विचारलं की मी विषय बदलते. खिळ्याची गोष्ट सांगते.

खिळ्याची गोष्ट अशी. एका केंद्रातल्या तीन सिस्टरांचं प्रशिक्षण आम्ही शहरात घेतलं होतं. हॉल थंडगार, पडद्यावर इंग्रजी स्लाइडी, सकाळी पूर्वपरीक्षा, संध्याकाळी उत्तरपरीक्षा, मध्ये जेवणात पुरी-श्रीखंड. तिघींनाही उत्तरपरीक्षेत नव्वदच्या वर मार्क. सर्टिफिकेट, फोटो. तीन महिन्यांनी मी बाळूला घेऊन त्यांच्या केंद्रात गेले. सर्टिफिकेटं फ्रेम करून भिंतीवर लावलेली. मी विचारलं, पिशवी कुठाय गे?

"कपाटात आहे की, अक्का."

"कपाट?"

"कुलपात."

"किल्ली?"

किल्ली फार्मासिस्टजवळ. तो जेवायला घरी गेलेला.

मी काही बोलले नाही. बाळूत कोमट पाणी भरलं, टेबलावर ठेवला, मोबाइलचं घड्याळ चालू केलं आणि म्हटलं, बाळ रडंना. सिस्टरने त्याला पुसलं, पाठ चोळली, सगळं बरोबर. मग थांबली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतेस, बाळ रडंना. मावशी धावत फार्मासिस्टच्या घरी गेली. बाळू टेबलावर टोपी घालून पडलेला, आम्ही चौघी त्याच्याकडे बघत उभ्या. किल्ली आली, कपाट उघडलं, पिशवी खोक्यातून निघाली, मास्क वेगळ्या खोक्यात, तो निघाला. पहिली हवा गेली तेव्हा घड्याळात ४ मिनिटं १० सेकंद झाले होते.

सिस्टर रडकुंडीला आली. पण तिचं म्हणणं ऐका, कारण ते खोटं नव्हतं. "अक्का, डेड स्टॉकच्या वहीत माझ्या सहीने चढलंय. हरवलं तर पगारातनं कापतील. मागच्या सिस्टरचं एका मशिनचं कापलंय." हे कुठल्याच स्लाइडीवर नव्हतं. आम्ही तिला शिकवलं होतं हवा कशी द्यायची, आणि तिच्या ऑफिसने शिकवलं होतं की वस्तू वापरली तर जोखीम, कुलपात ठेवली तर नाही. कुठला धडा जास्त पक्का बसला, सांगायला नको.

मेडिकल ऑफिसर तरुण होता, चांगला होता. त्याने कागदावर लिहून दिलं की ही वस्तू रोजच्या वापरातली, खराब झाली किंवा गेली तर जबाबदारी केंद्राची. एवढ्या एका ओळीसाठी मी दोन चकरा मारल्या. शिपायाने बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर खिळा ठोकला. पिशवी आणि मास्क खिळ्याला. ड्युटी बदलताना येणारीने मास्क आपल्या तळव्यावर घट्ट धरून पिशवी एकदा दाबायची, गळती नाही बघायची, आणि रजिस्टरात सही करायची. पुढच्या महिन्यात त्याच घड्याळावर वेळ आली ३८ सेकंद. सिस्टर तीच, हात तेच. बदलला तो खिळा.

हात मात्र विसरतात, हेही खरं. टांझानियात हायडम नावाच्या आडगावी मोठा मिशन दवाखाना आहे. तिथे एक दिवसाचं हेच प्रशिक्षण दिलं आणि काही महिन्यांनी बघितलं, तर बाहुलीवर सगळ्यांचे हात सुरेख चालत होते आणि खऱ्या बाळांच्या बाबतीत काहीच फरक पडला नव्हता. मग त्यांनी मोठं प्रशिक्षण सोडून लेबर रूममध्येच बाहुली ठेवली आणि थोडा थोडा, वारंवार सराव सुरू केला. जन्मल्यानंतरच्या २४ तासांतले मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. हे वाचलं तेव्हापासून मी हॉल, पुरी-श्रीखंड सगळं बंद केलं (संस्थेला ते आवडलं नाही, फोटो येत नाहीत). एक बाहुली केंद्रातच ठेवायची. चहा गॅसवर चढवला की तो उकळेपर्यंत एकीने हवा द्यायची, दुसरीने बघायचं. तेवढाच सराव, पण आठवड्याला.

सरावात चुका ठरलेल्या असतात. मान. कुणी बाळाची मान इतकी मागे टाकतं की नरडं बंद, कुणी हनुवटी छातीला लावतं. फुलाचा वास घेताना आपली मान जशी असते तेवढीच हवी, खांद्याखाली कापडाची एक घडी. दुसरी चूक, मास्क डोळ्यांपर्यंत जातो. तिसरी आणि सगळ्यात मोठी, घाई. माणूस घाबरला की पिशवी लोहाराच्या भात्यासारखी दाबतो. मिनिटाला चाळीस ते साठ, त्यापेक्षा जास्त नाही. छाती वर आली की पुरे, खाली जायला वेळ द्या.

यासाठी इंग्रजीत शिकवतात, 'स्क्वीझ, टू, थ्री'. आमच्या मुली ते पाठ म्हणायच्या, पण बाळ खरंच गप्प असलं की इंग्रजी पहिलं पळून जायचं. कन्नडवाल्या एका सिस्टरने त्याचं केलं 'ओत्तु, एरडु, मूरु'. मग नंदगडकडची एक म्हणाली, अक्का, आमचं तर आपोआप जमतंय बघा, दाब, दोन, तीन. दा, दो, ती. तोंडात बसलं. दाबवर दाबायचं, दोन-तीनवर सोडायचं. एका दुपारी दोघी एकाच बाहुलीवर आळीपाळीने करत होत्या, एक कन्नडमध्ये, एक मराठीत, मोठ्याने. ताल एकच. १९५६ पासून या पट्ट्यात भाषेवरून जे काही झालं ते मी लहानपणापासून बघत आले, मोर्चेही बघितलेत, त्यावर इथे लिहिणार नाही. पण पोस्टर मात्र फक्त कन्नड आणि इंग्रजीत येतात, आणि खानापूर भागातल्या अर्ध्याअधिक मावश्यांना त्यातलं अक्षर वाचता येत नाही. म्हणून मी शब्दच काढून टाकले. नातवाच्या स्केचपेनने पाच चित्रं काढली. मान जरा बदकासारखी आलीय, पण कळते.

मावश्यांवर थोडं जास्त लिहायला हवं. सरकारी भाषेत ग्रुप डी. कुठल्याही प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव नसतं. पण रात्री तीन वाजता केंद्रात असतं कोण? एक सिस्टर आणि एक मावशी. सिस्टरचे हात बाईकडे असतात, वार पडायची असते, रक्त बघायचं असतं. बाळ कोणाच्या हातात? मी एका पावसाळ्यात जंगलपट्टीतल्या एका केंद्रात गेले होते. पश्चिमेला कणकुंबीकडे मलप्रभा उगम पावते, त्या बाजूचा पाऊस ज्याने बघितला नाही त्याला सांगून पटणार नाही. आठ-आठ दिवस कापड वाळत नाही. लाईन गेली की वॉर्मर म्हणजे नुसतं पत्र्याचं टेबल. आम्ही शिकवतो, खोलीत २५ अंशांच्या वर ऊब हवी, बाळ कोरड्या कापडात हवं, ओलं झालेलं कापड टाकून दुसरं घ्यायचं. कोरडं कापड आणायचं कुठून?

तिथल्या मावशीने उत्तर आधीच शोधून ठेवलं होतं. बाईला कळा सुरू झाल्या की ती दोन कापडं भाताच्या गरम पातेल्याच्या झाकणावर पसरायची, ती वाळली की स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून स्वेटरच्या आत स्वतःच्या पोटाशी ठेवायची. बाळ आलं की पोटातून कापड काढून सिस्टरच्या हातात. गरम, कोरडं. जंतूंच्या दृष्टीने यात नावं ठेवायला जागा आहे, मी ठेवलीही. नंतर आम्ही उकळून, इस्त्री करून कापडांच्या बंद पुड्या करायची पद्धत लावली. पण प्रश्न तिला कळला होता, आमच्या हॉलमधल्या कुणालाच नाही. तेव्हापासून बाळूचा सराव मी आधी मावशीकडून करून घेते. सिस्टर लोकांना सुरुवातीला राग यायचा. आता दोघींची जोडीच धरते.

थंडीवर खरा इलाज आईच आहे, हे जुनंच. कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीवर कातडीला कातडी लावून ठेवायचं. १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात म्हणून तिथल्या डॉक्टरांनी हे सुरू केलं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात, दिल्लीचं सफदरजंगही त्यात होतं, जन्मल्याबरोबर असं धरलेल्या छोट्या बाळांमध्ये मृत्यू पाव हिश्श्याने कमी दिसले. आमच्याकडे अडचण अभ्यासाची नसते, सासूची असते. बाळंतिणीने उघडं बसायचं म्हणजे वारं लागणार. मी वाद घालत नाही. सासूलाच विचारते, तुमच्या वेळी सातव्यातलं बाळ झालं तर काय करायचा? बहुतेक म्हणतात, पोटाशी धरायचो की. मग तेच करूया म्हणते. मधाचं बोट चाटवायला आलेल्या आत्यांशी मात्र अजून पुरतं जमलेलं नाही.

सीमेची एक अडचण आहे ती बाहेरच्यांना सुचणार नाही. चंदगड, गडहिंग्लज भागातल्या कितीतरी बायका बाळंतपणाला बेळगावला किंवा आमच्या बाजूच्या दवाखान्यात येतात, जवळ पडतं म्हणून. त्यांच्याजवळ महाराष्ट्राचं कार्ड, इकडे मागतात कर्नाटकाचं तायी (माता) कार्ड. बाळंतपण होतं, त्यात कुणी अडवत नाही. खरा घोळ घरी जाताना. अठराशे ग्रॅमचं बाळ घेऊन बाई चंदगडच्या वाडीत गेली की तिच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा यायला हवी. ही घरी जाऊन बघण्याची पद्धत मुळात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली, १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती छापून आली, आणि आज देशभर आशा तेच करतात. पण इकडच्या आशेच्या वहीत ती बाई नाही, आणि तिकडच्या आशेला बाळंतपण झाल्याचंच माहीत नाही. दोन राज्यांच्या मध्ये ते बाळ बेचाळीस दिवस कुणाचंच नसतं. मी एक वही केलीय. डिस्चार्जच्या वेळी बाईकडून तिच्या गावच्या आशेचा नंबर घ्यायचा आणि तिच्यासमोर फोन लावायचा. नंबर नसला तर अंगणवाडीचा, तोही नसला तर दूध डेअरीचा. डेअरीवाला हमखास निरोप पोचवतो.

आता जे लिहायला मी टाळत होते ते.

एका सिस्टरने सगळं बरोबर केलं. मी तिला शिकवलं होतं आणि ती माझ्यापेक्षा बरी झाली होती. बाळ हिरव्या पाण्यात आलं, गप्प, लोळागोळा. चाळीस सेकंदांत पिशवी सुरू, तिसऱ्या मिनिटाला ठोके शंभराच्या वर, १०८ बोलावली, सिव्हिलला पाठवलं. तिसऱ्या दिवशी बाळ तिथे दगावलं. नातेवाइकांपैकी एकाने दाराच्या फटीतून बघितलं होतं. गावात झालं, सिस्टरने पिशवी दाबून मारलं. अंगणात चाळीस माणसं. वरून चौकशी, खुलासा द्या. तिने खुलासा लिहिला, ड्युटी ओपीडीला बदलून मागितली, आणि लेबर रूममध्ये पाऊल टाकायचं बंद केलं.

मी गेले तेव्हा बाळू नेला नाही. तिच्या क्वार्टरमध्ये दुपारभर बसले. केसपेपरची झेरॉक्स तिने स्वतःहून काढली. आम्ही मिनिट मिनिट वाचलं. मी सांगितलं, यात मला चूक सापडत नाही, आणि असती तर तुला माहीत आहे मी सांगितली असती. तरी ती विचारत राहिली, आणखी काय करता आलं असतं. खूप वेळाने मी म्हटलं, एक गोष्ट. आत काय चाललंय ते बाहेर कुणी सांगितलं नाही. आत तुम्ही दोघीच होतात, सांगणार कोण? पण फट सोडली की माणूस त्यातून आपल्याला दिसेल तेच बघतो. त्यानंतर त्या केंद्रात नियम केला की बाळ रडलं नाही की शिपायाने दाराशी जाऊन घरच्या एका बाईला आत घ्यायचं, भिंतीशी उभं करायचं, आणि तिला सांगत राहायचं, आता पुसतोय, आता हवा देतोय, ही छाती बघा. पहिल्यांदा सगळे म्हणाले, गोंधळ होईल. झाला नाही.

ती सिस्टर पाच महिन्यांनी परत लेबर रूममध्ये आली. त्या पाच महिन्यांत मी तिला दर रविवारी फोन करायचे, बहुतेक वेळा भाजी काय केली एवढंच बोलणं. प्रशिक्षणाच्या बजेटात हॉल असतो, फाइल असते, पेन असतो. बाळ गेल्यावर सिस्टरजवळ बसायला कुठलाच रकाना नसतो.

मागच्या आठवड्यात मी त्या खिळ्याच्या केंद्रात गेले. आत शिरल्यावर आधी भिंतीकडे बघायची सवय लागलीय. खिळा रिकामा. माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, गेलं परत कपाटात. सिस्टर नवी होती, नुकतीच बदलून आलेली. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, पिशवी कुठाय?

"धुऊन निर्जंतुक करायला ठेवलीय, अक्का. पहाटे लागली होती."

बाळ? सिव्हिलच्या एसएनसीयूत, आजारी नवजात बाळांच्या विभागात, पाठवलंय, सकाळच्या फोनपर्यंत ठीक होतं, आईचा चीक काढून पाठवलाय. वजन दोन किलो शंभर. हवा कुणी दिली? तिने मावशीकडे बोट केलं. "मान मावशीने धरली होती," सिस्टर म्हणाली, "मी दाबली."

मग माझ्या लक्षात आलं की सकाळपासून ही खोली पिशवीशिवाय उभी आहे, आणि बाजूच्या वॉर्डात एक बाई कळा देते आहे. घाईने माझ्याजवळची सरावाची पिशवी तपासून, पुसून खिळ्याला लावली. टेबलावर बसून तिला म्हटलं, इंडेंट लिही, हवेची पिशवी, नवजात, मास्कसह, नग एक.

तिने लिहिलं, नग दोन.